धूर्त, कावेबाज आणि लबाड

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी 'कनिंग', 'क्राफ्टी' आणि 'स्लाय' या तिन्ही शब्दांपुढे 'धूर्त' असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः पहिला शब्द जाणण्यावरून आला आणि दुसरा कसबावरून. दोहोंना कपटाचा वास पुढे लागला. मराठीतही असे जवळजवळचे शब्द आहेत, आणि त्यांची गल्लत वऱ्हाडात विशेष महाग पडते. कारण तेथील कित्येक घरांची वर्षाची मिळकत कापसाच्या एका सौद्यावर ठरते.

अकोल्याच्या वा अमरावतीच्या बाजारात कापसाची गाडी उभी आहे, अशी कल्पना करावी. मुंबईस भाव चढल्याची वार्ता एका व्यापाऱ्यास ठाऊक आहे. तो ती बोलत नाही. उदासीन मुद्रेने माल पाहतो व कमी भावात उचलतो. हा धूर्त होय. असत्य त्याने उच्चारलेले नाही. दुसरा मुद्दाम चढा भाव देऊन गाड्या आपल्याकडे वळवितो, आणि इतर गिऱ्हाइके निघून गेली की भाव पाडतो. हा कावेबाज. कावा म्हणजे मुळात घोड्यास रिंगणात फिरविणे; पाठ दाखवून उलटण्याची कल्पना त्या शब्दात अजून आहे. म्हणूनच गनिमी कावा आपल्या पक्षाचा असला की भूषण ठरतो. नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे साडेतीन शहाण्यांत गणले जातात. त्यांचे धनी जानोजी १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईच्या सुमारास निजामाचा पक्ष सोडून पेशव्यांकडे वळले. निजामाच्या गोटात या वळण्यास शहाणपण खचित म्हटले गेले नसेल!

तिसरा इसम काट्यातच मारतो. तो लबाड. घरातील मुलास लाडाने लबाड म्हणतात तेवढा अपवाद सोडला, तर या शब्दास कोणताही पक्ष भूषण मानीत नाही.

कायद्यालाही हा भेद पाळावा लागतो. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडास कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा मिळाला. बाजारसमित्या आल्या, अडत्यांस व मापाऱ्यांस परवाने लागले. त्यामुळे लबाडास धरणे शक्य झाले, कारण काटा तपासता येतो आणि परवाना काढून घेता येतो. परंतु परगावचा भाव सांगितला नाही, हा काही अपराध नव्हे. शेतकरी व्यापाऱ्यास सरसकट लबाड म्हणतो, तेव्हा तक्रार वजनाची की भावाची, हेच समितीस उमगत नाही. वजनाची असेल तर फेरमाप मागावे. भावाची असेल तर गाडी सोडण्यापूर्वी मुंबईचा त्या दिवसाचा भाव विचारून घ्यावा. बाजारात भावफलक लावतात ते याचसाठी.