दुधाच्या आधी वेत

म्हैस विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती लिटर देते?’ जनावरांच्या डॉक्टरला मात्र आधी वेगळ्याच गोष्टी विचाराव्या लागतात: कितवं वेत, मागच्या वेताला किती महिने झाले, भरवल्यावर किती वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ पासून जनावरांचे डॉक्टर तयार होत आहेत आणि हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातले आहेत. बाजाराने ते कधी मनावर घेतले नाहीत. खरं तर व्याल्याशिवाय दूध नाही, आणि पुन्हा वेळेवर व्याल्याशिवाय पुढचं दूध नाही. गाईचा गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा, म्हशीचा ३१० च्या आसपास. वर्षाला एक वेत हवं असेल तर गाय व्याल्यापासून ८५ दिवसांत गाभण राहायला हवी. म्हशीच्या हाती तर जेमतेम ५५ दिवस उरतात आणि त्यातले चाळीसेक गर्भाशय पूर्ववत होण्यातच जातात. म्हणून चांगल्या म्हशीचंही वेत तेरा-चौदा महिन्यांनी येतं. त्यात म्हशीचा माज मुका, बाहेरून सहज न कळणारा. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा अंगावर पडतो. जनावराची पैदास करताना पहिला निकष प्रजननक्षमतेचा असावा आणि दुसरा पाय, खूर, कास अशा कामाच्या अवयवांचा. दूध, आकार, रूप यांचा क्रम त्यानंतर लागतो, कारण ते सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

हा क्रम उलटा लावला तर काय होतं, हे मुंबईच्या तबेल्यांइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या शहराचं दूध बेटावरच्या दाट वस्तीतल्या तबेल्यांतून येई. गुजरातेतून आणि उत्तरेकडून ताज्या व्यालेल्या, भरपूर दुधाच्या म्हशी निवडून आणल्या जात. पारडू पाजणं महाग पडे, म्हणून त्याची आबाळ होई आणि बरीच पारडं दगावत. दूध आटलं की विकतच्या चाऱ्यावर भाकड म्हैस पोसणं परवडत नसे, आणि मग तिची वाट कत्तलखान्याकडे जाई. पाच-सहा वेतं देऊ शकणारं जनावर एक-दोन वेतांतच संपे. जगभर पशुपालक कळपातून नापीक, अडखळणारं जनावर गाळतो आणि उत्तम मादी राखतो. इथे गावोगावच्या उत्तम माद्या वंश न ठेवताच गाळल्या गेल्या. दुष्टपणाने हे कोणी केलं नाही. दिवसाच्या लिटरांवर चालणाऱ्या हिशेबात भाकड काळाला जागाच नव्हती. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि हजारो म्हशी वस्तीबाहेर गेल्या. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनेही महानगरांतली जनावरं हलवण्याचा विचार केला होता. गोठ्याची जागा बदलली, पण ‘किती लिटर?’ हा प्रश्न पहिलाच राहिला.

मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांना हा धडा लवकर मिळाला, कारण तिथे चूक लपत नाही. मांसाच्या जातीची गाय वर्षभरात विकण्याजोगं एकच देते, तिचं वासरू. ते नसेल तर त्या वर्षाचं उत्पन्न शून्य. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्समा या शास्त्रज्ञाने मारा संशोधन केंद्रावर हेच सूत्र धरलं. युरोपातल्या देखण्या जाती तिथल्या उन्हात आणि गोचिडांपुढे टिकत नव्हत्या. त्याने स्थानिक आफ्रिकानर गाईत हियरफर्ड आणि शॉर्टहॉर्न यांचं रक्त मिसळलं, पण कळपात ठेवायचं कोणाला हे उन्हातलं चालणं, अंगावरचे केस आणि दरवर्षीचं वासरू पाहून ठरवलं. त्यातून बोन्समारा ही जात आली. याउलट बेल्जियमच्या ‘बेल्जियन ब्लू’ जातीत मांसल देहाचा हव्यास इतका वाढला की तिच्या बहुतेक गाईंची सुटका आज पोट फाडूनच करावी लागते. डॉक्टर हाताशी नसेल तर ही जात पुढे टिकणं अवघड आहे.

महाराष्ट्रात वासरावर जगणाऱ्या या पशुपालकाच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे माणदेशातला खिलारवाला. खिलार गाय दुधाला बेताची, तिची खरी कमाई तिच्या खोंडात. म्हणून तिच्या मालकाला वेताचा हिशेब शिकवावा लागत नाही. आपल्या बहुतेक जाती कामातूनच घडल्या. इगतपुरी-अकोले पट्ट्यातल्या डांगी जनावराची कातडी तेलकट असते, त्यामुळे मुसळधार पावसात भातखाचरातही ते उभं राहतं, आणि त्याचे काळे खूर कणखर असतात. कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात नांगर ओढायला ताकदवान बैल हवेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल अशा जातींच्या संकरातून कृष्णा खोरे ही जात जाणीवपूर्वक घडवली. ट्रॅक्टर आल्यावर तिचं काम गेलं आणि कामाबरोबर तीही विरळ झाली. पंढरपुरी म्हशीचं उदाहरण उलट आहे. दुधात ती मुऱ्हा जातीच्या म्हशीच्या मागे राहते, पण वेळेवर गाभण राहण्याबद्दल तिचं नाव आहे. कोल्हापुरात गवळी तिला गल्लोगल्ली चालवत नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत आले. पाय आणि स्वभाव धड असल्याशिवाय हे काम होत नाही. काम टिकलं, म्हणून जातही टिकली.

प्रजननक्षमतेला पहिलं स्थान देण्यावर पहिला आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. गर्भधारणा आणि वेतांतलं अंतर यांत जनावराजनावरांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम पाच-दहा टक्के आनुवंशिक असतो, बाकी सारा चारा, खनिजं आणि देखभालीचा. मग पैदाशीत हा निकष धरून काय साधणार? चाऱ्याचा मुद्दा खराच आहे, उपाशी जनावर माजावर येत नाही. पण आनुवंशिक वाटा लहान असला म्हणजे परिणामही लहान असतो असं नाही. अमेरिकेत होल्स्टीन गाईंची निवड कित्येक दशकं मुख्यतः दुधावर झाली आणि प्रजननक्षमता घसरत गेली. २००३ पासून वळूच्या मुलींचं गाभण राहणं त्याच्या मूल्यांकनात मोजलं जाऊ लागलं आणि ही घसरण आवरता आली. नॉर्वेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच हा गुण आपल्या लाल गाईच्या निवडीत धरला. ती गाय आज दूधही देते आणि वेळेवर गाभणही राहते. वळूच्या अंडकोशाचा घेर मात्र बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. मांसाच्या जातींत मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर वयात येतात, असं दिसून आलं आहे. म्हणजे हाती घेण्यासारखं काही आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. संकरित गाईने हजारो घरं चालवली. उरळी कांचनला १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बाएफ या संस्थेने गावोगाव पोहोचवलेलं कृत्रिम रेतन नसतं, तर राज्याचं दूध इतकं वाढलं नसतं. हे नाकारायचं कारण नाही. पण एका वेताच्या लिटरांऐवजी आयुष्यभराच्या दुधाचा हिशेब मांडला, तर बारा लिटरची वेळेवर विणारी गाय वीस लिटरच्या वारंवार उलटणाऱ्या गाईपुढे सहज निघू शकते. उलटण्यातून वाढलेला भाकड काळ, रेतनाचा आणि औषधांचा खर्च दुधाच्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खास इथला आहे. प्रजननक्षमतेची निवड परदेशात गाळणीवर चालते, जी गाय व्याली नाही ती कत्तलखान्यात जाते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने मनाई होतीच, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत पोहोचली. म्हशी-रेड्यांनाच दाखल्यानंतर मुभा आहे. मग इथे गाळणी कशी चालावी? या आक्षेपातूनच उलट निष्कर्ष निघतो. नापीक गाय जिथे काढता येत नाही, तिथे ती जन्मालाच न येणं जास्त मोलाचं ठरतं. नाही तर तिचा भार शेतकऱ्यावर, गोशाळेवर, शेवटी रस्त्यावर पडतो. हा कायदा असावा की नाही, यावर मतं वेगळी असतील. तो असताना निवडीचं ओझं मादीवरून वळूवर येतं, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावं लागेल. गोठवलेल्या रेतामुळे एका वळूची हजारो वासरं होतात, त्यामुळे वळू निवडताना केलेली चूक तितकीच पसरते आणि शहाणपणही.

त्यासाठी लागणारं साधन हाताशी आहे. जनावराच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो आणि त्या क्रमांकावर रेतन, वेत, उपचार यांची नोंद करता येते. ती नीट झाली, तर प्रत्येक वळूच्या मुली किती महिन्यांत पहिल्यांदा व्याल्या, दोन वेतांत किती अंतर राहिलं, किती वेळा उलटल्या आणि कितव्या वेतापर्यंत पायावर धड राहिल्या, हे सांगता येईल. आज रेताच्या माहितीपत्रकावर आईचं दूध ठळक छापलं जातं. त्याच्या शेजारी आईची वेतं आणि त्यांतलं अंतर छापायला फारसा खर्च नाही. गिऱ्हाइकाने ते मागितलं, की विकणाऱ्यालाही मोजावं लागेल.