मातीच्या शंकूंचं छप्पर

आपल्या सौंदडकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली बसवत नाही, हे वेगळं सांगायला नको. स्लॅबची खोलीही रात्रभर ऊन ओकत राहते. म्हणून वर्ध्याकडे बघा!

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले. तिथलं पहिलं घर आदिनिवास आणि मीराबेनसाठी बांधलेली, पुढे 'बापूकुटी' झालेली झोपडी माती, बांबू आणि कवेलूंची. माणसं एकत्र राहायची, सामान परिसरातलं.

पुढे १९७६मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथल्या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे शंकूच्या आकाराची पोकळ कवेलं. कुंभार ती चाकावर घडवून भाजतो. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवत गेलं की कमान तयार होते. अशा कमानी शेजारी-शेजारी उभारून वरून गिलावा. लाकडी फाटा नको, सळई नको. पोकळीतली हवा ऊन अडवते, तेही विजेशिवाय.

एक अट मात्र आहे. कमान भिंतींना बाहेर रेटते, त्यामुळे भिंत दणकट हवी. कच्च्या भिंतीवर हा प्रयोग करू नका, गड्यांनो.

गावातल्या कुंभाराला काम मिळेल, हा फायदा मला तर गारव्याहून मोठा वाटतो.