पैसे आज, ड्रॅगन पुढच्या वर्षी

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे निवडताना ज्यांनी स्टॉलवर अर्धा तास घालवलाय, ज्यांनी 'काका, हा नको, याची तलवार तुटलीये' म्हणत पुरतं सैन्य उचलून पाहिलंय, त्यांना हे वेड वेगळं समजावून सांगायला नको. इथे मावळ्यांऐवजी ऑर्क, जादूगार, सांगाडे आणि ड्रॅगन असतात. ते मातीचे नसतात, प्लॅस्टिकचे असतात. आणि आपण पैसे भरतो तेव्हा ते मुळात बनलेलेच नसतात!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळांत आपलं पात्र म्हणून टेबलावर उभ्या करायच्या या छोट्या मूर्ती म्हणजे मिनिएचर्स, लाडाने 'मिनीज'. साधा माणूस असेल तर उंची २८ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढी. ती रंगवायची आपली आपण. जमवणाऱ्यांपैकी कित्येकांचा खेळाशी संबंध कधीच सुटलेला असतो. ते फक्त जमवतात आणि रंगवतात. खरं तर फक्त जमवतात, रंगवायचं मनात असतं.

या छंदाला क्राउडफंडिंगचं वारं लागलं ते २०१२ मध्ये. अमेरिकेत टेक्सासमधल्या डेंटन गावात 'रीपर मिनिएचर्स' नावाची कंपनी आहे. तिचा मुख्य माल धातूच्या मूर्ती. धातूचं गणित सरळ असतं. रबराचा साचा स्वस्तात बनतो, पण प्रत्येक मूर्तीमागे धातूचा खर्च येतो. प्लॅस्टिकचं नेमकं उलटं. तिथे स्टीलचा साचा लागतो आणि तो भयंकर महाग. एकदा तो झाला की पुढची प्रत्येक मूर्ती मात्र चिल्लरीच्या भावात पडते. म्हणजे अडचण फक्त पहिल्या पैशाची. कंपनीने 'बोन्स' या आपल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मालिकेसाठी तो पैसा 'किकस्टार्टर'वर लोकांकडेच मागितला. मागणी होती ३० हजार डॉलरची.

जमले ३४ लाख २९ हजार. देणारे १७,७४४.

हे झालं कसं, ते बघण्यासारखं आहे. शंभर डॉलर भरणाऱ्यांसाठी 'व्हॅम्पायर' नावाची पायरी होती. एकूण रकमेने एकेक टप्पा ओलांडला की या पायरीच्या खोक्यात नव्या मूर्तींची भर पडायची, वर एक पैसा न मागता. याला म्हणतात स्ट्रेच गोल. आता तुम्ही शंभर डॉलर भरून बसला आहात आणि पुढचा टप्पा थोडक्यात हुकतोय. तुम्ही काय कराल? मित्राला फोन कराल, 'अरे भर ना, आपल्या दोघांनाही जास्त मिळेल.' थोडक्यात, ग्राहकच सेल्समन झाला, तोही बिनपगारी. शेवटी त्या शंभर डॉलरच्या खोक्यात दोनशेहून जास्त मूर्ती झाल्या. एक मूर्ती अर्ध्या डॉलरच्याही आत, जेव्हा धातूच्या एकाच मूर्तीला काही डॉलर पडायचे. शिवाय कॅलाड्रॅक्स नावाचा हाडांचा भलामोठा ड्रॅगन होताच, त्याचे पैसे वेगळे.

खोकी पोहोचली दुसऱ्या वर्षी, ठरल्यापेक्षा उशिरा. आणि मग घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला. दोनशे मूर्ती रंगवायच्या कधी? एका मूर्तीला एक संध्याकाळ धरली तरी सात-आठ महिने रोज बसावं लागेल. न रंगवलेल्या मूर्तींच्या या साठ्याला जमवणाऱ्यांनीच 'पाइल ऑफ शेम' असं नाव ठेवलंय. लाज वाटते, पण पुढची मोहीम आली की कार्ड पुन्हा बाहेर निघतं. 'बोन्स'च्याही पुढे आणखी मोहिमा झाल्या आणि पुन्हा लाखोंनी डॉलर जमले. मला वाटतं, इथे विकली जाते ती वाट बघण्यातली मजा. तो महिनाभराचा आकडा, रोज उघडणारी नवी चित्रं, 'आज काय वाढलं?' ही उत्सुकता. खोकं येईपर्यंत अर्धा आनंद वापरून झालेला असतो.

पण वाट बघण्याला जोखीम असते, आणि ती बारीक अक्षरात लिहिलेली असते. किकस्टार्टर स्वतःला दुकान म्हणवत नाही. तुम्ही वस्तू विकत घेत नाही, ती बनवायला मदत करता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१५ च्या पाहणीत साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असं दिसलं. 'रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स'चं उदाहरण या वर्तुळात अजून निघतं. तिथे ड्रॅगन नव्हते, महाकाय रोबोट होते, पण गणित हेच. 'पॅलेडियम बुक्स'ने २०१३ मध्ये ५,३४२ जणांकडून १४ लाख ४२ हजार डॉलर जमवले. पहिला हप्ता पोहोचला. दुसऱ्याची वाट बघण्यात वर्षं गेली आणि २०१८ मध्ये कंपनीने कळवलं की परवाना संपतोय, दुसरा हप्ता येणार नाही. बदल्यात पहिल्याच हप्त्यातला माल देऊ केला, टपालखर्च घेणाऱ्याचा. ज्यांना तो आधीच मिळाला होता, त्यांनी तो पुन्हा घेऊन करायचं काय?

कधी कधी कंपनीची नियत चांगली असूनही गाडी अडते. साचे आणि मूर्ती बहुतेक चीनमध्ये बनतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं. पुढे ते उतरलं, पण ज्यांनी लोकांकडून पैसे आधीच घेतले होते, त्यांना ही वाढ भरायची कुठून हा प्रश्न पडलाच.

आपल्या इथून या मोहिमांत पैसे लावता येतात. स्वतःची मोहीम उभी करायला किकस्टार्टरच्या देशांच्या यादीत भारत मात्र नाही. आणि खरी फोडणी बसते ती पार्सल येताना. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं, तर 'स्वस्त' हा शब्द विसरायचा. वर टपाल. पॉकेटमनीतून हे करायचं असेल, तर भरायच्या आधी तिघं-चौघं मिळून एकच खोकं मागवता येतंय का ते बघा, आणि त्या कंपनीने मागच्या मोहिमेतला माल पोहोचवला होता का, हेही.

दुसरी वाट थ्रीडी प्रिंटिंगची. आता कितीतरी मोहिमा मूर्ती न देता नुसती फाइल देतात. कस्टम नाही, टपाल नाही, बोट अडकायची भीती नाही. मित्राकडे रेझिन प्रिंटर असला की ड्रॅगन दुसऱ्या दिवशी हातात. फक्त न वाळलेलं रेझिन उघड्या हाताने धरू नका, आणि बंद खोलीत, त्यातून हॉस्टेलच्या खोलीत, हा उद्योग नकोच.

आणि प्लॅस्टिकच्या मूर्ती घेतल्याच तर एक घरगुती इलाज. 'बोन्स'सारखं मऊ प्लॅस्टिक खोक्यात दाबलं जातं. तलवारी वाकतात, भाले धनुष्यासारखे होतात. मूर्ती चमच्यात घेऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, काढून तलवार सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. ती तशीच राहते. मग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. एखाद्या रविवारी दुपारी, आईचा स्वयंपाक आटोपून गॅस मोकळा झाला की पाच-सहा गॉब्लिन सहज उरकतात. पातेलं मात्र जुनं घ्या.