जॅकेटमधलं पॅड: आधी जागा, मग लेव्हल

नांदेड-लातूरकडे रायडिंग जॅकेट घालून लांबच्या राइडला निघणारी पोरं आता बरीच दिसतात. जॅकेट बहुतेक वेळा ऑनलाइन मागवलेलं, साइज शर्टावरून धरलेली आणि आतली पॅडं आली तशीच ठेवलेली. खरेदी करताना ‘लेव्हल २ आहे का?’ हे सगळे विचारतात. ‘ते माझ्या कोपरावर बसतंय का?’ हे फार कमी जण बघतात. माझ्या पीएचडीचा विषय धक्का शोषणारे पदार्थ हा आहे, म्हणून हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा का, ते आज सोपं करून सांगतो.

पॅड नेमकं काय करतं?

गाडीवरून पडताना दोन गोष्टी होतात. एक, तुम्ही साधारण मीटरभर उंचीवरून खाली आपटता. दोन, गाडीच्या वेगाने रस्त्यावर घासत जाता. घासण्याचं काम जॅकेटच्या कापडाचं आणि शिवणीचं. आपटण्याचं काम पॅडचं.

आता थोडं गणित. १ मीटरवरून पडताना जमिनीला टेकायच्या क्षणी खाली येण्याचा वेग ताशी १६ किमीच्या आसपास असतो. मग गाडी ४० ने चाललेली असो की ८० ने. पॅडची युरोपियन चाचणी (ईएन १६२१-१) याच हिशोबाची आहे. गोलसर धातूच्या ऐरणीवर पॅड ठेवतात आणि त्यावर ५ किलोचं वजन ५० ज्यूल ऊर्जेने, म्हणजे साधारण १ मीटरवरून, सोडतात. खाली किती बळ पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. पाठीच्या पॅडचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे (ईएन १६२१-२): तिथे लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९ किलोन्यूटन.

बळ कमी होतं ते थांबायला मिळालेल्या अंतरामुळे. तेच ५० ज्यूल १० मिलिमीटर दबण्यात जिरले तर सरासरी बळ ५ किलोन्यूटन. २ मिलिमीटरमध्येच जिरवावे लागले तर २५. पॅड म्हणजे हाड आणि डांबर यांच्यामध्ये विकत घेतलेले काही मिलिमीटर, बस्स. ते मिलिमीटर हाडाच्या बाजूला सरकले तर लेव्हल कुठलीही असो, उपयोग शून्य. प्रयोगशाळेत पॅड बरोबर ऐरणीवर ठेवलेलं असतं. रस्त्यावर ते ठेवायचं काम तुमचं.

खऱ्या अपघातांत काय दिसलं?

२०११ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागातल्या २१२ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कपड्यात पॅड बसवलेलं होतं त्यांच्यात शरीराच्या वरच्या भागाला इजा होण्याचा धोका २३ टक्के आणि पायांना ४० टक्के कमी दिसला. त्याच अभ्यासात साधारण ३० टक्के जॅकेटं अपघातात फाटली किंवा उसवली होती. कापड फाटलं की पॅडला धरून ठेवणारं काही उरत नाही, हेही त्यातून समजतं.

बसवायचं कसं?

आरशासमोर उभं राहून बघू नका. गाडी स्टँडवर लावा, जॅकेट-पँट घालून बसा, हात हँडलवर ठेवा. हात वाकला की बाही वर ओढली जाते. गुडघा वाकला की पँट वर येते. उभ्याने बरोबर दिसलेलं पॅड बसल्यावर तीन-चार सेंटीमीटर सरकलेलं असू शकतं.

– कोपर: कोपराचं टोक पॅडच्या खोलगट भागात यायला हवं आणि लांब बाजू मनगटाकडे.
– गुडघा: वाटी पॅडच्या मध्यावर, लांब बाजू नडगीवर. पँटच्या कप्प्यात वेल्क्रो असेल तर पॅड वर-खाली करून घ्या.
– खांदा: बाहेरचं हाडाचं टोक झाकलं गेलं पाहिजे.
– पाठ: आलेला तुकडा बाहेर काढून बघा. त्यावर ईएन १६२१-२ चा शिक्का नसेल तर तो नुसता स्पंज आहे, असं समजा.

मग दुसऱ्या हाताने कोपराचं पॅड धरून फिरवून बघा. ते सहज हाताच्या आतल्या बाजूला जात असेल तर घासत जाताना नक्की जाणार. बाहीचा पट्टा आवळा. तरी फिरलं तर जॅकेटच मोठं आहे.

पॅड कप्प्यात सरकवताना कोपरे दुमडतात, ते आत बोट घालून सरळ करा. कप्पा मोठा असेल तर गंजगोलाईतला किंवा वजिराबादचा कुठलाही टेलर अस्तराला वेल्क्रो लावून तो आवळून देईल. फक्त दोन गोष्टी त्याला सांगा: सुई पॅडमधून जाऊ द्यायची नाही आणि बाहेरची मूळ शिवण उसवायची नाही.

आणि आपलं ऊन?

मऊ पॅडं गरम झाली की आणखी मऊ पडतात, म्हणून लवकर पूर्ण दबतात. नेहमीच्या चाचणीपलीकडे ४० अंशांवरची एक ऐच्छिक चाचणी आहे. ती पास झालेल्या पॅडवर ‘टी प्लस’ अशी खूण असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे ही खूण बघूनच घ्या. जॅकेट उन्हात टाकीवर टाकून चहाला जाऊ नका.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. हे सगळं गणित रस्त्यावर पडण्याचं आहे. रात्री अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली, तर तिथे गाडीचा पूर्ण वेग मोजला जातो आणि ५० ज्यूलचं पॅड त्याला पुरत नाही. तिथे वेग कमी ठेवणं हाच उपाय. हेल्मेट तर आहेच, त्यावर चर्चाच नको.

पुढच्या राइडच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा आणि स्टँडवरच्या गाडीवर बसून चारही जागा तपासा. नवीन पॅडं घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.