हळू चालणारी गोष्ट आणि आठवड्याचा वाचक

पनवेल हें मुंबई-पुणें रस्त्यावरचें जुनें बंदर. तेथें नगरपालिका स्थापन झाली ती १८५२ सालीं. परंतु आगगाडी पोंचली ती १९६० नंतर. त्यामुळें १८९० च्या सुमारास पुण्यास निघणाऱ्या साप्ताहिकाचा जो कोणी वर्गणीदार अशा गांवीं असेल, त्याला घाट उतरून येणाऱ्या टपालाची वाट पाहावी लागे. अंक हातीं पडावा, गोष्टीचें एखादें प्रकरण वाचून व्हावें, आणि पुन्हां आठ दिवस थांबावें! अशा वाचकापुढें लेखकानें मुद्दाम सावकाश चालणारी गोष्ट ठेवली, तर ती त्यास रुचावी कशी?

बांधीव पुस्तक वाचणारा मनुष्य पहिलीं शंभर पानें एका रात्रींत ओलांडतो. तींच पानें साप्ताहिकांतून येऊं लागलीं म्हणजे त्यांस कित्येक महिने लागतात. पुस्तकाच्या वाचकाला जी घडीभराची संथता वाटते, ती अंकाच्या वाचकाला एका ऋतूची रखडपट्टी वाटते. गोष्ट तीच, अक्षरेंहि तींच. बदलतें तें वाट पाहण्याचें ओझें. क्रमशः येणाऱ्या गोष्टीविषयीं वाचक कुरकुरूं लागला, तर त्यास केवळ उतावळा म्हणून चालणार नाहीं.

मराठींत या प्रश्नाचें उत्तम उदाहरण हरि नारायण आपटे यांचें आहे. त्यांच्या आधींच्या वाचकाची जीभ निराळ्या चवीला सरावलेली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं निघाली. अद्भुत प्रसंग, विरह, संकटें आणि अखेर सुखाची भेट, असा त्या कादंबऱ्यांचा थाट. हरिभाऊंची ‘मधली स्थिति’ १८८५ सालापासून ‘पुणें वैभव’ पत्रांतून येऊं लागली. पुढें १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें स्वतःचें साप्ताहिक काढलें, आणि त्यांत ‘आजकालच्या गोष्टी’ या मथळ्याखालीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी चालविली. लेखक तोच, संपादकहि तोच! गोष्ट आवरती घ्या, असें सांगणारा दुसरा कोणी नव्हता. ही मोकळीक मोठी खरी. पण वर्गणीदार गळाले, तर तोटाहि त्यांचाच होता.

या कादंबरींत यमुना आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. आरंभीं बालपण, दादाबरोबरचे खेळ आणि रुसवेफुगवे, दुर्गीची मैत्री, वडील माणसांचा धाक, अशा घरगुती गोष्टी येतात. राक्षस नाहीं, राजपुत्र नाहीं, अरण्यहि नाहीं. ‘मंजुघोषे’च्या वाचकाला हें काय वाटलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. आपल्या घरीं रोज घडतें तेंच पैसे देऊन कशाला वाचावें? हा आक्षेप वरवर पाहतां सयुक्तिक आहे. परंतु कादंबरीचें सामर्थ्यहि तेथेंच आहे. चुलीजवळचें आणि माजघरांतलें बोलणें जसेंच्या तसें छापलेलें पाहून ज्या वाचकांना, विशेषतः ज्या लिहूं-वाचूं लागलेल्या स्त्रियांना, आपलें घर ओळखूं आलें असेल, त्यांना ती संथता जाचली नसेल.

ही कादंबरी चालू असतांनाच, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. सभांतून आणि वृत्तपत्रांतून वादाची धुमश्चक्री माजली. परंतु वादांतली मुलगी ही केवळ एक संख्या असते. यमुना तशी राहिली नाहीं. तिचें लग्न, मुंबईंत रघुनाथरावांच्या सहवासांत आलेले थोडे सुखाचे दिवस आणि त्यांचा मृत्यु, हें सारें वाचकानें आठवड्यामागून आठवडे सोबतीनें पाहिलें. पुढें तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें, तेव्हां तें कोणा एका विधवेचें राहत नाहीं. ओळखीच्या घरांतल्या मुलीचें होतें. हाच प्रसंग पहिल्या अंकांत आला असता, तर वाचक क्षणभर हळहळला असता आणि विसरला असता. आरंभींची संथ प्रकरणें ही या आघाताची पूर्वतयारी होती.

याचा अर्थ प्रत्येक संथ गोष्ट पुढें फळतेच, असा मात्र नव्हे. इंग्लंडांत १८३६ सालीं डिकन्सची ‘पिक्विक पेपर्स’ मासिक भागांनीं निघूं लागली, तेव्हां आरंभींच्या भागांचा खप चारपांचशेंच्या घरांतच होता. चौथ्या भागांत सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर आला आणि वाचकांनीं गोष्ट उचलून धरली. अखेरीस खप चाळीस हजारांवर गेला. उलट ‘मार्टिन चझलविट’चा खप मंद दिसतांच डिकन्सनें नायकाला अमेरिकेस धाडलें, पण त्या उपायानें खप फारसा वाढला नाहीं. वाचकाची नापसंती लेखकाला सावध करते. परंतु तिच्या धाकानें उचललेलें पाऊल गोष्टीला तारतेंच असें नाहीं. शिवाय क्रमशः वाचणाराला आणखी एक भय असतें. हरिभाऊंच्याहि कांहीं गोष्टी अपुऱ्या राहिल्या. लांबचा रस्ता चालावा आणि शेवटीं गांवच लागूं नये, अशा वेळीं वाचक रागावला तर दोष त्याचा नव्हे.

आज पनवेलचा वाचक लोकलमध्यें बसून हातांतल्या फोनवर भागाभागानें येणारी चित्रकथा वाचतो. टपालाची वाट पाहणें संपलें. पुढच्या भागाची वाट पाहणें संपलें नाहीं. दहा भाग झाले तरी कांहींच घडत नाहीं, ही तक्रारहि जुनीच आहे. तिची पारख करण्याची एक साधी कसोटी आहे. या भागांत काय घडलें, एवढेंच विचारूं नये. हा भाग गाळला असता तर पुढें कोणाचें दुःख कमी लागलें असतें, हें विचारावें. उत्तर ‘कोणाचेंच नाहीं’ असें आलें, तर अंक खुशाल मिटावा. पण एखादी यमू हळूहळू घरची होऊं लागली असेल, तर आणखी आठ दिवस थांबण्यांत वाचकाचें कांहीं जात नाहीं.