ट्रिगरवरचं बोट

गेल्या वर्षी आषाढात बातमी आली की मिग-21 सप्टेंबरमध्ये हवाई दलातून निवृत्त होणार. त्याच संध्याकाळी मी कपाटावरून एक खोका खाली काढला. 1/72 मापाचं मिग-21, चार वर्षं धूळ खात पडलेलं. खरं विमान साधारण पंधरा मीटर लांब. बहात्तरने भागलं की वीतभर उरतं. 1963 साली हवाई दलात आलेलं आणि पुढे आपल्याच ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेलं हे विमान त्याच्या निरोपाच्या दिवसापर्यंत रंगवून टेबलावर ठेवायचं, असं ठरवलं. जुळणी दहा दिवसांत झाली. अडलं ते रंगाशी, म्हणजे खरं तर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीशी.

कुंचल्याने का नाही रंगवत, असं घरातले विचारतात. त्याचं उत्तर हिशोबात आहे. कुंचल्याने दिलेला दाट हात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड झाला, तरी बहात्तर पटीने तो खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा ठरतो. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या रेषा किट बनवणाऱ्याने केसाएवढ्या कोरलेल्या असतात, त्या त्याखाली बुजून जातात. एअरब्रशचा थर इतका पातळ बसतो की रेषा तशाच राहतात. म्हणून एअरब्रश.

माझा पहिला एअरब्रश ऑनलाइन घेतलेला, स्वस्तातला, पेनासारखा धरायचा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, चार वर्षं त्याने साथ दिली. पण पन्नाशी ओलांडल्यावर एक नवीन गोष्ट लक्षात आली. अर्धा तास रंग मारला की तर्जनीचं मधलं पेर आखडायचं, आणि तासाभराने अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा. रात्री पोळीचा तुकडा मोडताना बोट कुरकुर करायचं. तेव्हा नवा एअरब्रश घ्यायचा आणि तो हाताला सुखाचा हवा, एवढं पक्कं झालं. सुखाचा म्हणजे काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर तो नोझलचा आकडा सांगतो.

आधी यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण दुखण्याचं मूळ तिथेच आहे. आत एक लांब सुई असते, तिचं टोक नोझलच्या भोकात बुच मारल्यासारखं बसतं. भोक केवढं, तर 0.2, 0.3 किंवा 0.5 मिलिमीटर. नोझलच्या भोवतीने हवा वेगाने बाहेर पडते, तिथे दाब कमी होतो, आणि सुई जराशी मागे सरली की कपातला रंग त्या फटीतून ओढला जाऊन त्याचा धूर होतो. हे सगळं एका ट्रिगरवर चालतं. दाबला की हवा, मागे ओढला की रंग. याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात. शिकताना पहिला नियम असा की हवा आधी सुरू करायची आणि सगळ्यात शेवटी बंद करायची, नाहीतर नोझलच्या तोंडाशी साचलेला थेंब पुढच्या वेळी विमानावर थुंकला जातो. म्हणजे रंग चालू असो की नसो, बोट खाली दाबलेलंच असतं. मला वाटायचं, बोट मागे ओढून ओढून दुखतं. पण नीट पाहिल्यावर कळलं की ओढण्याचं काम दोन-तीन मिलिमीटरचं. थकवते ती हवेच्या झडपेची स्प्रिंग. तिच्या उरावर अर्धा तास बसून राहावं लागतं.

हे सगळं एका कल्पक माणसाच्या खटपटीतून सुरू झालं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अ‍ॅब्नर पीलर नावाचा गृहस्थ होता. त्याने 1870 च्या दशकाच्या अखेरीस हवेने रंग उडवणारं एक हत्यार जोडलं. फोटोंवर हात फिरवायला ते लवकरच कामाला आलं. हल्ली आपण धरतो तसा पेनासारखा, सुई आत असलेला एअरब्रश चार्ल्स बर्डिकने 1893 साली केला, आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. सव्वाशे वर्षांत सुया बारीक झाल्या, धातू सुधारले. बोटाचा विचार मात्र बराच उशिरा झाला.

आता मी राहतो त्या पुण्यातल्या धायरीबद्दल. आमची सोसायटी डीएसके विश्वच्या चढाच्या अलीकडे. 2017 साली धायरी महापालिकेत आली, पण नऱ्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजूनही फॅब्रिकेशनची, पावडर कोटिंगची, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगची छोटी छोटी शेड आहेत. दिवसभर कुठला ना कुठला कॉम्प्रेसर धडधडत असतो. माझा कॉम्प्रेसर म्हणजे त्यांच्यापुढे कोकरू. तीन लिटरची टाकी, आवाज मिक्सरहून कमी. तरी खालच्या मजल्यावरच्या आजी मला लिफ्टमध्ये विचारतात, “रात्री काय दळता हो?”

या रस्त्यावर आषाढ लागला की पत्र्यांच्या शेडमध्ये गणपती येतात. काही पेणहून कच्चे येतात, पांढरे, आणि रंगकाम इथे होतं. मी एका संध्याकाळी पावसामुळे अशाच एका शेडच्या तोंडाशी थांबलो होतो. आत एक रंगारी पाटावर बसला होता. समोर फिरत्या चकतीवर हातभर उंचीची मूर्ती, आणि त्याच्या हातात एअरब्रश. सोवळ्याच्या चुण्यांमध्ये तो गडद छटा भरत होता. चकती डाव्या हाताने फिरवायची, उजव्याने फुसकारा मारायचा, पुन्हा फिरवायची. पाऊस थांबला तरी मी तिथेच उभा. मी मोजलं नाही, पण तासाभरात त्याने सात-आठ मूर्ती बाजूला केल्या असतील, आणि एकदाही हात झटकला नाही.

“दादा, बोट दुखत नाही का?” मी विचारलंच.

त्याने वर पाहिलं. “काका, तुम्ही पण मूर्ती करता?”

विमान करतो म्हटल्यावर त्याला गंमत वाटली. मग त्याने हत्यार दाखवलं. अगदी साधं, जुनं, मुलामा उडालेलं. पण त्याच्या बुडख्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, त्यामुळे पकड जाड झालेली. पेन बारीक असलं की आपण ते आवळून धरतो, जाड असलं की सैल धरतो, तसंच. दुसरं म्हणजे, त्याचं कोपर मांडीला टेकलेलं होतं. आणि तिसरी गोष्ट मला त्याने सांगेपर्यंत दिसलीच नव्हती. हवेचा पाइप त्याने उजव्या खांद्यावरून पाठीमागे टाकला होता.

“पाइप लोंबत ठेवला की मनगट ओढतंय खाली. मग माणूस बोट दाबून धरतो,” तो म्हणाला.

मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. एअरब्रश शंभर ग्रॅमच्या आसपास. टेबलाखालून वर येणारा, कापडी वेणीचा पाइप लोंबता ठेवला तर त्याचा ओढा जवळपास तेवढाच. म्हणजे मी इतकी वर्षं दोन एअरब्रश धरत होतो. पाइप खांद्यावर टाकला, कोपराखाली जुन्या उशीचा तुकडा ठेवला, आणि निम्मा ठणका तिथल्या तिथे गेला. फुकटात.

उरलेल्या निम्म्यासाठी हत्यारं पाहायला सुरुवात केली. आपल्याकडे ही वस्तू हातात धरून, हवा लावून, रंग मारून पाहू देणारी दुकानं दुर्मीळच. एअरब्रश विकत घेणं म्हणजे चप्पल फोटोवरून घेण्यासारखं. सुदैवाने पुण्यात मॉडेलवाले बरेच. हे शहर मुळात लहान मापात जग मांडणाऱ्यांचं आहे. दिवाळीत दारोदारी किल्ले होतात, त्यावर मातीचे मावळे उभे राहतात. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे, तिथल्या 1/87 मापाच्या गाड्या पाहून माझ्यासारख्या कितीजणांना हे वेड लागलं असेल. तर अशा दोन मित्रांकडून मी चार एअरब्रश उसने आणले आणि दोन रविवार घालवले. वर्तमानपत्राचा कागद, कपात पाणी मिसळलेली शाई. आधी टिंबं, मग रेषा, मग एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत जाणारी पट्टी. प्रत्येक हत्यार वीस मिनिटं सलग, घड्याळ लावून. दोन मिनिटांत सगळेच चांगले वाटतात.

पहिला पिस्तुलासारखा धरायचा होता, त्याने पहिल्या पाच मिनिटांत मला जिंकलं. त्यात घोडा एकाच दिशेने ओढायचा. आधी हवा सुटते, आणखी ओढला की रंग. स्प्रिंगवर बसून राहायचं काम नाही, पूर्ण बोट वळतं. ज्यांचे सांधे दुखतात त्यांनी हाच पाहावा, असं मी म्हणेन. पण मला तो मानवला नाही. वीतभर विमान मी डाव्या हातात धरून फिरवतो, पंखाखालून, शेपटीच्या कडेने. तिथे पिस्तुलाची मूठ आडवी आली आणि मनगट वाकडं करावं लागलं. बोट सुटलं, मनगट अडकलं. मोठी, उभी वस्तू रंगवणाऱ्याला तो गुणाचा.

बाजूला कप असलेला दुसरा. नजरेसमोर कप येत नाही, हे चांगलं, पण रंग भरला की तोल एका अंगाला जातो आणि अंगठ्याला तो सावरत बसावं लागतं. बाटली खाली लटकणारा तिसरा. त्यात रंग भरपूर मावतो, पण मला लागतो चमचाभर. चौथा होता कप वरच असलेला, 0.3 चा, आणि त्याचा ट्रिगर इतका मऊ की पहिल्यांदा दाबला तेव्हा हवा कधी सुरू झाली ते कळलंच नाही. मागच्या टोकाला एक स्क्रू होता, त्याने सुई किती मागे जाईल याला आडकाठी घालता येत होती. म्हणजे बारीक काम करताना बोटाने जपून ओढायचं नाही, आडकाठीपर्यंत बिनधास्त ओढायचं. भीती कमी झाली की पकड आपोआप सैल होते, हे मला त्या स्क्रूने शिकवलं.

सफाईचा विचारही मी सुखातच धरतो. काही जपानी बनावटीच्या एअरब्रशचं नोझल तांदळाच्या कणीएवढं, आट्यांचं, इवल्याशा पान्याने फिरवायचं. जास्त पिळलं की तुटतं, आणि गॅलरीतल्या जाळीतून खाली पडलं तर मिळायची आशा नको. जर्मन बनावटीच्या काहींचं नोझल नुसतं बसवायचं असतं, आटे नाहीत. चाळिशीचा चष्मा लावलेल्या माणसाला हा फरक नोझलच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. माझी निवड त्यावरच झाली. किंमत घरात अर्धीच सांगितली आहे, म्हणून इथेही सांगत नाही.

पावसाळ्यात रंग मारायचा म्हणजे हवेतल्या पाण्याशी भांडण. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतल्या बाष्पाचे पाइपात थंड होऊन थेंब होतात आणि नेमके पंखावर येतात. रेग्युलेटरखालची पाण्याची बाटली दर वीस मिनिटांनी रिकामी करत होतो. रंग थिनरने पातळ ताकाइतका, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून. दाब पंधरा पीएसआय. करड्या अस्तराचा पहिला हात श्रावणात बसला. तोंडाला मास्क, खिडकीत एक्झॉस्ट पंखा. दीड तास झाल्यावर मी थांबलो, ते बोटासाठी नाही, कपातला रंग संपला म्हणून.

चतुर्थीला आठवडा असताना नवा एअरब्रश डबीत घालून शेडमध्ये गेलो. उपकार फेडावेत तसं काहीतरी मनात होतं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंगारी आता आखणीला बसला होता. एअरब्रश बाजूला, हातात दोन केसांचा कुंचला, आणि एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याची बाहुली तो श्वास रोखून भरत होता. ती पूर्ण होईपर्यंत मी बोललो नाही.

मग त्याने हात पुसले, डबी उघडली, त्याच्या पाइपला माझा एअरब्रश जोडला. ट्यूबची पट्टी नाही हे बघून हसला. कपात थोडं पाणी घालून कोरड्या पुठ्ठ्यावर एक फुसकारा मारला, मग दुसरा. दोन्ही वेळा हवा त्याला हवी होती त्याच्या आधीच सुटली. तिसऱ्यांदा त्याने ट्रिगर नुसता दाबून पाहिला, दोनदा, तीनदा, दाराची कडी तपासावी तसा.

“चांगला आहे काका. पण माझ्या बोटाखालून पळतोय हा,” असं म्हणून त्याने तो परत दिला आणि उजव्या डोळ्याकडे वळला.