देवळालीचे मास्तर आणि विद्यापीठांची चर्चासत्रे

वाढवणच्या नियोजित बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या जून महिन्यात मंजुरी दिल्यापासून डहाणू तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत वरचेवर झळकू लागले आहे, आणि त्याआधी ते बाहेरच्या माणसाच्या कानावर पडले असलेच तर घोलवडच्या चिकूमुळे किंवा वारली चित्रांमुळे; परंतु दूरदूरच्या विद्यापीठांतून संख्यासिद्धांताची जी चर्चासत्रे भरतात, त्यांत डहाणूत जन्मलेल्या एका गृहस्थाचे नाव याहून कितीतरी आधीपासून उच्चारले जात आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि पुढील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात घेत असता, १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस शाळामास्तर म्हणून राहिले. विद्यापीठाच्या दप्तरात प्राध्यापक म्हणून त्यांची नोंद कधी झाली नाही.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडली गेली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी, आणि जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. त्यातून पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येतात, म्हणजे गाडी तेथेच थांबली. कोणत्याही संख्येला सातापेक्षा अधिक खेपा लागत नाहीत, आणि १९०५ ला नेमक्या सातच लागाव्यात हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो आवडतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते: बाकी तीन अंकी आली, जशी २१११ पासून ९९९ येते, तर ती ०९९९ अशी लिहावी, नाहीतर सगळा डाव तेथेच मोडतो.

येथवर ही करमणूक झाली. विद्यापीठातील चर्चासत्राचा धर्म निराळा असतो. तेथे फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने कितीही चमत्कारिक उदाहरण दाखवले तरी समोरच्या बाकावरून कोणीतरी 'असे का?' म्हणून विचारतोच, आणि उत्तर देता आले नाही तर उदाहरणाचे मोल निम्म्यावर येते. येथे उत्तर देता येते. उतरत्या क्रमाने मांडलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हटले, तर वजाबाकीत उरते ते ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग), बाकी सर्व गळून जाते. म्हणजे मूळ चार अंकांपैकी पुढच्या हिशेबाला उपयोगी पडतात ते केवळ दोन फरक. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, त्याहून मोठा नाही. तेव्हा अशा जोड्या होतात २ + ३ + … + १०, एकूण ५४. सर्व अंक सारखे नसलेल्या ८,९९१ चार अंकी संख्यांचा जमाव पहिल्याच वजाबाकीनंतर ५४ घरांत कोंडला जातो, आणि ती घरे एकेक करून तपासणे हे शाळकरी मुलाच्याही आवाक्यातले काम आहे. संख्यांच्या गुणधर्मांचा प्रश्न अशा रीतीने शक्यता मोजण्याच्या शास्त्राकडे सोपवला जातो. ही दोन शास्त्रे चर्चासत्रांत वारंवार एकत्र नांदतात याचे कारण या लहानशा उदाहरणातही दिसते.

तरीही अव्वल दर्जाच्या गणितज्ञांनी अशा प्रश्नांकडे बराच काळ तुच्छतेने पाहिले. केंब्रिजच्या हार्डींनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मसमर्थनपर पुस्तकात ८७१२ व ९८०१ यांचा दाखला दिला आहे: चार अंकी संख्यांत या दोनच अशा आहेत की उलट्या लिहिलेल्या आपल्याच रूपाच्या त्या अनुक्रमे चौपट व नऊपट भरतात. असली माहिती कोड्यांच्या सदराला शोभेल, गणितज्ञाला तिच्यात रस नाही, असा त्यांचा निवाडा होता. तो निवाडा सर्वस्वी अन्याय्य नव्हता, कारण हे सारे गुण आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून उपजतात. पाया बदलला की तेही बदलतात. परंतु हाच आक्षेप उलटून विचारला तर त्यातून खरा प्रश्न निघतो: कोणत्या पायावर ६१७४ सारखा एकच स्थिरांक मिळतो आणि कोणत्यावर मिळत नाही? हेल्मुट हासे यांनी हा प्रश्न प्रिचेट यांच्यासह हाती घेतला आणि १९७८ साली 'क्रेले'च्या जर्मन नियतकालिकात त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. हासे हे विसाव्या शतकातील संख्यासिद्धांताच्या आधारस्तंभांपैकी एक. हे लेखन त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचे आहे. कोड्यांच्या सदरातला ऐवज तेथवर पोहोचला, हे पाहायला हार्डी हयात नव्हते.

कापरेकर मात्र आपल्याच वाटेने जात राहिले. डेम्लो नावाच्या रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव देऊन टाकले, आणि १, १२१, १२३२१ या चालीच्या त्या 'डेम्लो संख्यां'वरील त्यांचा व के. आर. गुंजीकरांचा लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. माझ्या मते त्यांची सर्वांत सकस कल्पना याहून निराळी आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी: २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणून २१ हा २४ चा जनक. काही संख्यांना, उदाहरणार्थ २० ला, जनकच नसतो. त्या स्वयंभू, किंवा मास्तरांच्या गावावरून देवळाली संख्या. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरातून त्यांची ओळख करून दिली, आणि १९८२ साली झानिएर यांनी सिद्ध केले की या संख्या पुढे पुढे विरळ होत नाहीत, त्यांचे प्रमाण कायम राहते. ते शेकडा पावणेदहाच्या आसपास आहे.

याच्या उलट काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात, आणि आगगाडीवर लोभ असलेल्या मास्तरांनी त्यांना जंक्शन म्हटले. १०१ ला दोन जनक, ९१ आणि १००. तीन जनकांची सर्वांत लहान संख्या शोधू गेले तर थेट एकावर तेरा शून्ये देऊन त्यांत १ मिळवलेल्या संख्येपर्यंत जावे लागते. तिचे जनक ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १००००००००००००० हे वाचकाने कागदावर ताडून पाहावेत. चार जनक हवे असतील तर एकावर चोवीस शून्ये देऊन त्यांत १०२ मिळवावे लागतात. बहुजनक संख्या मिळवण्याची रीत ए. नरसिंग राव यांनी १९६६ साली मांडली होती. २०२१ साली अलेक्सेयेव्ह व स्लोन यांनी शीर्षकातच कापरेकरांचे नाव असलेल्या शोधनिबंधात हा शोध चारांच्या पुष्कळ पुढे नेला.